काचेवर आपटलेला रुमाल

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, रुमालाच्या एका टोकाला कायम गाठ असायची आणि गाठीत एक सुपारी. खायची नव्हे, वजनाची. सुपारीशिवाय रुमाल वाऱ्यावर भरकटतो आणि भलत्याच्याच मांडीवर पडतो, असं त्यांचं म्हणणं. धुळ्याच्या स्टँडवर बस फलाटाला लागायच्या आत, तिच्या बाजूने पळता पळता, ते उघड्या खिडकीतून रुमाल बरोबर सीटवर टाकायचे. एकदा रुमाल पडला की जागा आपली. दारातून रेटारेटी करत चढलेला पैलवानसुद्धा रुमाल बघून पुढे सरकायचा. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण आमच्याकडे तो सगळे पाळतात.

माझं कॉलेज जळगावला, आत्याकडे राहून झालं. आत्या म्हणजे आबांची मोठी बहीण. दर सोमवारी सकाळी आबा मला सोडायला स्टँडवर यायचे, ते फक्त रुमाल टाकायला. मी मागून रमतगमत चढायचे, महाराणीसारखी बसायचे आणि खिडकीतून रुमाल परत द्यायचे. ‘नीट जा’ असं ते तोंडाने कधी म्हणाले नाहीत. मला त्याचं काही वाटायचंही नाही, कारण जागा मिळालेली असायची.

दोन वर्षांपूर्वी, पंचाहत्तरी उलटल्यावर, तिकीट माफ झालं म्हणून ते एकटेच जळगावला निघाले. जुन्या सवयीने बसच्या बाजूने पळाले आणि पडले. मनगट मोडलं. त्या दिवशी मी त्यांच्यावर इतकी ओरडले की शेजारीण बघायला आली. मी शाळेत शिकवते, मुलं मला घाबरतात. आबा घाबरत नाहीत, पण हात प्लास्टरमध्ये होता म्हणून गप्प बसले. मी फर्मान काढलं, एकट्याने प्रवास बंद.

प्लास्टर निघालं, फर्मान राहिलं. आत्या ब्याऐंशीची. तिला फोनवर काही ऐकू येत नाही. आबा फोनवर ओरडायचे, ती तिकडून ‘कोण?’ म्हणायची, आणि आबा फोन ठेवून अंगणात जाऊन बसायचे. “अक्काले फोनवर ऐकू येत नई,” ते मला म्हणायचे. “भेटाले जावाच लागी. मी येकला जासू.” मी ‘बघू’ म्हणायचे. माझी शाळा, परीक्षा, तपासायचे गठ्ठे. ‘बघू’मध्ये दोन वर्षं गेली, हे लिहिताना मला माझीच लाज वाटते.

मग जळगावला जायला विजेवरची नवी बस सुरू झाली. थंडगार, आणि चढायला मला बरी वाटली. मी फोनवर दोन जागा आरक्षित केल्या आणि आबांना म्हटलं, “एकदा माझ्याबरोबर चला. नीट जमलं तर पुढच्या वेळी एकटे.” थोडक्यात, मी त्यांची परीक्षाच घेत होते.

ते पाऊण तास आधी स्टँडवर हजर. पिशवीत आत्यासाठी भरताची वांगी. जागा आपल्याच आहेत, हे मी तीनदा सांगितलं. पण बस वळली मात्र, आबा माझ्या हातातून निसटले. पळाले नाहीत, पण झपाझप गेले आणि रुमाल फेकला. टक्क! सुपारी काचेवर आपटली आणि रुमाल खाली. काच सगळी बंद, एका अखंड पट्टीसारखी. “हाई गाडीले खिडकीच नई शे!” आबा म्हणाले. आजूबाजूचे हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसले.

कंडक्टर बाईंनी रुमाल उचलून झटकून दिला आणि माझ्या फोनवरचं तिकीट पाहिलं. “आबा, जागा आधीच तुमच्या नावावर आहे. नऊ नंबर.”

आबा नऊ नंबरवर बसले आणि रुमालाची गाठ सोडायला लागले. सुपारी काढून त्यांनी खिशात टाकली. पारोळ्यापर्यंत माझ्याकडे न बघता रुमालाची घडी घालत, मोडत राहिले. एकदाच ड्रायव्हरकडे बघून पुटपुटले, की या गाडीचा आवाजच येत नाही. मला वाटलं, हसल्याचा राग आला असेल. पण तो राग नव्हता. आयुष्यभर जे एक काम त्यांनी माझ्यासाठी केलं, ते मी अंगठ्याने फोनवर उरकून टाकलं होतं. हे कळलं तेव्हा माझं हसू विरलं.

जळगावला ई-रिक्षाने आत्याच्या दारात पोचलो. आत्याने आधी भावाचं मनगट हातात घेऊन दाबून पाहिलं, मग पिशवीत डोकावली. “जळगावले वांगा लई उना का रे येड्या?” भरताच्या वांग्यांच्या गावाला हा वांगीच घेऊन आला होता. दोघं संध्याकाळपर्यंत भांडली. भांडणात तिला सगळं ऐकू येत होतं.

परतताना मीच म्हणाले, “पुढच्या महिन्यात एकटे जा. पण जागा मी धरणार. पळायचं नाही.” त्यांनी मान हलवली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणून मी धास्तावलेलीच होते.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा नऊ नंबरच धरला आणि त्यांना स्टँडवर घेऊन गेले. बस लागली. आबा फलाटावर खांबासारखे उभे राहिले, दार उघडेपर्यंत हलले नाहीत. गर्दी चढू दिली, मग सावकाश चढले. मी मागोमाग दारापर्यंत गेले. नऊ नंबरवर एक तगडा माणूस ऐसपैस बसला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबांचाच आवाज आला, अख्ख्या बसला ऐकू जाईल असा.

“ऊठ भाऊ. हाई जागा मनी आंडेरनी धरेल शे.”

आंडेर म्हणजे लेक. ही जागा माझ्या लेकीने धरली आहे. तो माणूस निमूट उठला. आबांनी खिशातून रुमाल काढला, आधी सीटवर टाकला, आणि मग बसले.

मी दाराच्या पायरीवर तशीच उभी होते. कंडक्टर बाई म्हणाल्या, “ताई, येताय की उतरताय?” मी उतरले आणि काचेपाशी जाऊन उभी राहिले. बस आवाज न करता निघाली.