प्यादेमात छापून यावी म्हणून

बुद्धिबळ खेळणाऱ्यांच्या बैठकीत बोलणं कमी, असं लोकांना वाटतं. चूक! एक चाल येईपर्यंत तीन किस्से सांगून होतात, आणि पट गुंडाळला तरी किस्से ओट्यावरच राहतात. तिसगावात शिंप्याच्या ओट्यावर ते इतके साठले होते, की पोस्टातली नोकरी सोडून मी लिहीतच बसायला हवं होतं.

आमच्यातले खरे खेळाडू दोनच. कोरडवाहू शेती करणारे गेनूतात्या आणि मिशनच्या शाळेतले शमुवेल मास्तर. तात्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण प्यादेमातीचं भारी वेड! वजिराने काय, कुणीही मात करतं. सगळ्यात हलक्या प्याद्याने राजा कोंडायचा, ही देशी डावातली खरी शान.

*

बाहत्तर साली परदेशात बुद्धिबळाची मोठी मॅच झाली आणि नगरच्या एका पेपरला अचानक गावोगावचं बुद्धिबळ हवंसं झालं. आमच्याकडे पेपर वाटायचे रंगनाथराव आणि बातम्या पाठवायचेही तेच. जत्रेतल्या कुस्त्या लिहिण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांचा पहिला रिपोर्ट आला, ‘दोन तास उलटूनही दोन्ही खेळाडू एकमेकांना भिडले नाहीत. प्रेक्षकांची घोर निराशा.’

प्रेक्षक म्हणजे मी आणि शिंपी. आम्ही तर खुशीत होतो!

*

पुढच्या बाजारच्या दिवशी तात्यांनी कमाल केली. समोर दिसणारी वजिराची मात दोनदा सोडली आणि आणखी नऊ चालींनी प्याद्याने मास्तरांचा राजा कोंडला. हरलेल्या मास्तरांनीच त्यांना मिठी मारली. पेपरात आलं, ‘सोपी संधी दोनदा दवडून गेनूभाऊ कसेबसे विजयी.’

मास्तरांनी वाचून दाखवलं. तात्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "कसंबसं?" एवढंच म्हणाले आणि उठून गेले.

मास्तर तडक रंगनाथरावांकडे. ते म्हणाले, "मास्तर, वाचनारे शंभर. तुमचा डाव समजतो तिगांना. मी लिवू कुनासाठी?"

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "पण त्या तिघांनी काय जन्मभर कुस्तीच वाचायची?"

*

त्याच साली दुष्काळ पडला आणि तात्या सरकारी रस्त्याच्या खडी फोडायच्या कामावर गेले. दुपारच्या सुट्टीत मातीवर घरं आखायची आणि खडीच्याच सोंगट्या मांडायच्या. एकदा मुकादमाने येऊन हत्ती उचलला आणि ढिगावर भिरकावला. तात्या ओरडले, "सायेब, शह हुता त्यो!"

पुढे त्या खडीचा रस्ता झाला. एसटी तिथून जाते तेव्हा अजून मला वाटतं, तात्यांचा हत्ती इथेच कुठेतरी खाली आहे. मग तात्यांची इतकी आठवण येते, की पाथर्डीला कशाला निघालो होतो तेच सुचत नाही.

*

"नाव नगं मला," तात्या एकदा म्हणाले. "पर मरायच्या आत पेपरात ‘प्यादेमात’ छापून यावी. लई जीव अडकलाय त्यात."

मास्तरांनी संपादकांना चार पानी पत्र लिहिलं. त्याच्यावर शिक्का मी स्वतः मारला. पंधरा दिवसांनी ते छापूनही आलं. एकच ओळ, ‘बुद्धिबळ हा कमी खर्चाचा खेळ असल्याचे एक वाचक कळवतात.’

*

शेवटी तात्याच रंगनाथरावांना म्हणाले, "भाऊ, तुमी भायेरून बघता. एक डाव आत बसून बघा. मंग लिवा काय बी."

रंगनाथराव बसले. तासाभरात त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली. नगरच्या गाडीने हॉर्न दिला. बातम्यांचं पाकीट त्याच गाडीने जायचं. "जाऊ द्या तिला," पटावरची नजर न काढता ते म्हणाले.

थोड्या वेळाने तेच दचकले. "तात्या, तुमचा वजीर हाय की हितं! मात का करत न्हाई?"

"बघा की," तात्या म्हणाले, आणि भलतंच एक प्यादं एक घर पुढे सरकवलं.

डाव संपला तरी रंगनाथराव कितीतरी वेळ पटाकडे बघत बसले होते.

तिसऱ्या दिवशी पेपर आला. मास्तरांनी चष्मा पुसून वाचलं, ‘तिसगाव : येथे अडीच तास रंगलेल्या डावात श्री. गेनूभाऊ यांनी प्रस्तुत वार्ताहरावर प्यादेमात केली.’

तात्या मास्तरांजवळ सरकून बसले. मग म्हणाले, "पुन्ना वाचा, मास्तर. घाई न्हाई."