शहाताचे नाक

१ ऑगस्ट २०१६ रोजी शहाता अब्दुल मुग्नी इजिप्तमधल्या मन्सूरा शहरात आमच्या कार्यालयांच्या इमारतीत देखभाल आणि अग्निसुरक्षेच्या जागेवर लागला. पगार महिना एक हजार सहाशे पन्नास पौंड आणि जिन्याखालची खोली. मन्सूरात पगारापेक्षा खोली मोठी, असे त्याची बायको नगात पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

जागेसाठी औद्योगिक शाळेची पदविका, नागरी संरक्षणाच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि शरीर धडधाकट असल्याचे डॉक्टरांचे पत्र लागे. ते सगळे त्याच्याकडे होते. पण आमचे व्यवस्थापक उस्ताज नझमी कागदांवर समाधान मानणारे नव्हते.

“कागद झाले. नाक कसं आहे?”

शहाताने मान वर केली. “वर कुणीतरी वांगी तळतंय, उस्ताज. तेल कालचं आहे.”

माणूस पाठवून पाहिले. वांगीच होती. मी हिशेबनीस म्हणून त्याच दुपारी त्याचे नाव पगारपत्रकात चढवले.

काम अवघड नव्हते, पण रोजचे होते. आगीचा पंप चालवून बघायचा, अग्निशामक नळकांड्यांचे काटे हिरव्या पट्ट्यात आहेत का पाहायचे, वकिलांनी जिन्यात ठेवलेली खोकी शिव्या खात हलवायची. शिवाय तळघरातल्या विजेच्या खोलीत आणि चौथ्या मजल्यावरच्या चहाघरात थांबून वास घ्यायचा, कारण वायर धूर सोडण्याआधी वास सोडते. धोक्याची सूचना देणारी यंत्रे बसवायचा खर्च नझमींनी दोनदा नामंजूर केला. “आपल्याकडे शहाता आहे,” ते म्हणत.

कोरोनात शहाताचे नाक गेले. ताप उतरला, खोकला गेला, वास काही परत आला नाही. हे फक्त नगातला ठाऊक होते. आम्हाला फार नंतर कळले. ती आमच्याकडे जिने धूत असे. त्यानंतर ती बादली घेऊन त्याच्या फेरीबरोबर चालू लागली. काही वास आला की ती त्याची बाही ओढी आणि शहाता थांबून शोध घेई. विजेच्या खोलीतला एक जळत आलेला जोड त्यांनी असाच पकडला. नझमींनी सगळ्यांसमोर शहाताची पाठ थोपटली. नगात मागे फरशी पुसत होती.

लिफ्टचा कारागीर रगब त्याला अम्म, म्हणजे काका, म्हणत रोज छेडायचा. “अम्म शहाता, आज बायकोनं मोकळं सोडलं वाटतं?”

“दावं लांब केलंय रे तिनं,” शहाता हसून म्हणायचा.

गेल्या वर्षी वसंतातल्या शम्म नसीमच्या सणाच्या आदल्या दिवशी नगात सणाचा फसीख, म्हणजे खारवलेला मासा, आणायला नबरूह गावी बहिणीकडे गेली. शहाता एकटाच फेरीला निघणार होता. रगबने समोरच्या दुकानातून एक फसीख आणला, मिठात मुरून चांगला कुजलेला, आणि कागद काढून शहाताच्या अवजारांच्या पिशवीत पकडीखाली सरकवला.

शहाता वरच्या मजल्यापासून सुरू झाला. दाताच्या डॉक्टरांकडचे रोगी तोंड उघडायचे म्हणून आले होते, ते नाक धरून बाहेर पळाले. वकिलांचे कारकून जिन्यात जमले.

“अम्म शहाता, काही कुजतंय का बघा बरं!”

“काही नाही, बाळांनो. इमारत गुलाबपाण्यासारखी आहे.”

लोक भिंतीला टेकून हसले. सणाची मजा चालली आहे असे समजून शहाताही हसला. मी खिडकी उघडली आणि हसलो. असा तो पिशवी खांद्याला लावून नझमींच्या खोलीपर्यंत आला आणि आम्ही सगळे त्याच्या मागे. नझमीही नाकाला रुमाल लावून हसत होते.

“हं, काय खबर?”

“सगळं ठीक, उस्ताज. कुठंही कसलाही वास नाही.”

नझमींनी रुमाल खाली घेतला. आता ते हसत नव्हते. रगबच्या ध्यानात आले. “गंमत होती, उस्ताज,” म्हणत त्याने घाईघाईने पिशवीतून मासा काढला.

शहाताने माशाकडे पाहिले. “हो, येतोय की. मघापासून येतोय.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुमचा मान राखला. म्हटलं, तुमच्याकडनंच येत असेल.”

पुन्हा हशा झाला. नझमी त्याला दंडाला धरून चहाघरात घेऊन गेले. रगब आणि मी मागे. शेगडीवर कॉफीचे झाकलेले भांडे होते. नझमी शेगडीला पाठ लावून उभे राहिले आणि पाठीमागच्या हाताने गॅसचे बटण फिरवले. वास मला लगेच आला.

“काय येतंय?”

शहाताने आमचे चेहरे एकेक करून पाहिले. रगब जमिनीकडे बघत होता. मग शहाताची नजर भांड्यावर गेली.

“कॉफी. वेलदोडा जरा जास्त पडलाय.”

नझमींनी बटण बंद केले आणि भांडे उपडे धरले. ते कोरडे होते.

संध्याकाळी नगात टोपली घेऊन आली. तिने आम्हा सगळ्यांसाठी फसीख आणला होता, रगबसाठीसुद्धा. झालेला प्रकार कळल्यावर ती तशीच नझमींसमोर उभी राहिली.

“नाक माझं घ्या, उस्ताज. चार वर्षं तेच तर वापरताय.”

“जागा एकाची आहे, बाई. दोघं मिळून एक कामगार होत नाही. आणि तुझ्या नाकाकडं पदविका नाही.”

“मला पैसे नकोत. जिनेही फुकट धुवेन. खोली तेवढी राहू द्या.”

“तपासणीला माणसं आली तर काय सांगू? जिने पुसणारी इमारत हुंगते?”

“हुंगतेच ना! जळली का एवढ्यात?”

नझमींनी मला शहाताचा शेवटचा हिशेब करायला सांगितले. तिने टोपली टेबलावर ठेवली आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी नदीकाठी बसून आम्ही तो फसीख कांद्याबरोबर खाल्ला. उत्तम मुरला होता.

आठवडाभरात दोघांनी खोली सोडली आणि दोघं नबरूहला नगातच्या बहिणीच्या घरी गेली. “फसीखच्या वखारीत लागेल तो,” रगब म्हणाला. “तिथं त्याच्याइतका लायक माणूस मिळायचा नाही.” नव्या माणसाकडे सगळे कागद आहेत आणि नाकही आहे. तो स्वतःच्या घरी राहतो, म्हणून जिन्याखालच्या खोलीत आता वकिलांची खोकी ठेवली आहेत.

महिन्याभराने समोरचा दुकानदार माझ्याकडे आला. रगबने तो मासा शहाताच्या नावावर उधार घेतला होता. मी सांगितले की शहाताचा हिशेब चुकता झाला आहे, आता त्यातून काही कापता येणार नाही. रगबला विचारले, तर तो म्हणाला, “नाव ज्याचं, त्यानं द्यावं.”

शहाताच्या नावावर एकशे वीस पौंड अजून बाकी आहेत.