घरचे सोडतील का?

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, कंपनीच्या बसमध्ये रोज शेजारी बसणाऱ्या मित्राला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. उद्या तुमच्यासमोर तोंड लपवायची वेळ माझ्यावर येणार नाही — बघा, सुरुवातच पळपुटेपणाने झाली.

प्रज्ञाचं आणि माझं लग्न ठरलंय. मी तळवड्याचा, ती दिघीची. आकुर्डीला डिप्लोमाला एकत्र होतो, मग चाकणच्या एकाच कंपनीत लागलो — ती वेल्डिंगच्या रोबोटवर, मी मेंटेनन्सला. रोबोटला काम शिकवावं लागतं. हातात मोठ्या रिमोटसारखा पेंडंट धरून त्याला कुठे वळायचं, कुठे थांबायचं ते एकेक जागा दाखवत न्यायचं. बाकीचे ते काम उरकायचे, प्रज्ञा त्यात रमायची. जेवणाचा भोंगा झाला तरी हलायची नाही. मी कॅन्टीनमध्ये डबा पुढ्यात घेऊन चडफडत बसायचो.

तिला एखाद्या नव्या प्लान्टची अख्खी लाइन उभी करायची होती. आणि मला? मला आमच्या तळवड्याच्या जागेवर पत्र्याची शेड टाकून स्वतःचं वर्कशॉप काढायचं होतं. त्यात क्वालिटी प्रज्ञा बघणार, हेही मी ठरवून टाकलं होतं. तिला विचारलं होतं का? छे!

चार वर्षांपूर्वी कंपनीचा तमिळनाडूत नवा प्लान्ट निघाला. तिच्या वेल्ड शॉपमधून दोघांना दोन वर्षांसाठी पाठवायचं होतं, आणि नावं साहेब ठरवणार होते. प्रज्ञाने कंपनीत कुणाजवळ काही बोलून दाखवलं नाही. फक्त बसमध्ये मला हळूच म्हणाली, "माझं नाव लागलं ना, तर मी नाचेन बघ." मी हसलो. मनात मात्र दिवस मोजू लागलो. दोन वर्षं! ती एक रविवार मामाकडे गेली तरी मला दिवस खायला उठायचा.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगतो. मुलाला बाहेर पाठवायचं असलं की साहेब त्याला थेट सांगतात — बॅग भर. मुलगी असली तर तिला विचारत नाहीत. नाव वर पाठवलं आणि ऐनवेळी घरच्यांनी अडवलं तर साहेबांची शोभा होते, म्हणून आधी आडून चौकशी करायची. तिच्या बसमधल्या कुणाकडे, तिच्या ओळखीतल्या कुणाकडे. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नाही. मलाही वाटायचं नाही.

साहेबांनी मला विचारलं. चहाच्या मशीनपाशी, कप भरता भरता. "काय राव, त्या दिघीच्या मॅडम तुमच्या कॉलेजच्या ना? घरचे सोडतील का एवढ्या लांब?"

थांबा — आधी तिच्या घरचं सांगतो. मला काय माहीत होतं ते तुम्हाला कळायला हवं. तिच्या वडिलांना मी काका म्हणतो. काकांचा जन्म कारखान्यात लेथवर उभं राहण्यात गेला. लेकीचं नाव लागणारच, या खात्रीने त्यांनी चाकांची मोठी निळी बॅग आणून ठेवली होती. त्यांच्या हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. "हिला स्टेशनवर सोडायला मी जाणार," असं ते माझ्यादेखत म्हणाले होते. हे सगळं मला माहीत होतं. तरीही —

"नाही सोडणार सर," मी म्हणालो. "जुन्या वळणाचे आहेत."

"तरी म्हटलं," साहेब म्हणाले आणि चहा घेऊन निघून गेले.

दुसऱ्याच दोघांची नावं लागली. प्रज्ञा बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडली. मी तिला रुमाल दिला आणि म्हणालो, पुढच्या वेळी नक्की होईल. हे मी म्हणालो — मी! लाज कशी वाटली नाही?

प्रेमापोटी झालं, अशी मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली. ती दूर जाईल, तिथली होऊन जाईल, मला विसरेल, ही भीती खरी होती. पण तेवढंच होतं का? मेंटेनन्समधून माझ्या नावाचा कुणी विचारही केला नव्हता. ती माझ्या पुढे निघून जाणार होती आणि ते मला बघवत नव्हतं. मी जळत होतो.

पुढच्याच वर्षी त्या प्लान्टवर मेंटेनन्सला माणूस कमी पडला. साहेबांनी शुक्रवारी मला सांगितलं, रविवारची गाडी. घरचे सोडतील का, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर? आईने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. "न्हाई धाडायची मी तुला एवढ्या लांब. हितं काय कमी हाय?" मी गेलो. आणि जाताना ती निळी बॅग घेऊन गेलो — प्रज्ञानेच आणून दिली. म्हणाली, "घरात नुसती पडलीये, तू तरी वापर." मला नको म्हणता आलं नाही.

तिथे वर्षभर होतो. तिचा रोज फोन यायचा. माझी विचारपूस झाली की लगेच रोबोटची — किती आहेत, कसे चालतात? "काही खास नाही गं, आपल्यासारखंच सगळं," मी सांगायचो. खास होतं. बघत राहावं अशी लाइन होती. आणि ज्या दुराव्याला मी एवढा भ्यालो होतो, त्याने आमचं काहीसुद्धा बिघडवलं नाही.

परत आलो. दोन्ही घरं राजी व्हायला वेळ लागला. शेवटी बैठक झाली, तेव्हा काका माझ्या वडिलांना म्हणाले, "हा पोरगा माझ्या लेकीला कधी अडवणार नाही, एवढी खात्री आहे मला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पोह्यांच्या बशीत बघत राहिलो.

आणि परवाची गोष्ट. पुन्हा कुठल्याशा नव्या प्लान्टसाठी नावं ठरतायत. प्रज्ञाच्या हाताखाली दोन नव्या मुली आल्या आहेत. मी शेजारीच एका मशीनचं पॅनल उघडून बसलो होतो. त्यातल्या एकीने विचारलं, मॅडम, तुम्ही जाणार का? प्रज्ञा म्हणाली, "मी कसली जाते? तेव्हा माझं काम कमी पडलं, म्हणून नाव नाही लागलं. तुम्ही नीट शिका गं."

तिचं काम कमी पडलं नव्हतं. तिथल्या तिथे उठून मला ते सांगता आलं असतं. मी पॅनलचे स्क्रू आवळत बसलो.

मग भोंगा झाला. हल्ली प्रज्ञा भोंगा झाला की लगेच पेंडंट ठेवते आणि माझ्याआधी कॅन्टीनमध्ये पोचते. त्या दिवशीही पोचली होती. तिने माझ्यासाठी जागा धरली होती, डबा उघडून ठेवला होता. मी तिच्यासमोर बसलो आणि जेवलो.