चर्चचे पत्रे आणि माझा दात

कापणीच्या सणाला चर्चच्या छपराच्या नव्या पत्र्यांसाठी मंडळींकडून देणगीचा शब्द घ्यायचं काम माझ्यावर आलं. कोणी उठेना. मग मी अक्कल चालवली. बांधावरून अबोला धरलेल्या माझ्या दोन मेहुण्यांकडे पाहून म्हणालो, "धाकट्याची द्राक्षं जोरात आहेत, थोरल्यापेक्षा तोच जास्त देणार!"

धाकटा फिसकन हसला. थोरल्यानं लिलावासाठी मांडलेला भोपळा उचलून त्याच्या तोंडावर हाणला. नाक फुटलं. धाकट्यानं बाक उगारला, तो बसला मध्ये पडलेल्या माझ्या जबड्यावर. पांढऱ्या सदऱ्यावर दात आणि रक्त.

दवाखान्यातही भावांचं भांडण मिटलं नव्हतंच.

"दाजी, माझे पाच पत्रे लिहा," थोरला म्हणाला.

पडद्याआडून धाकटा ओरडला, "माझे सहा!"

बायको म्हणाली, "पुढच्या सणाला तुम्ही नुसतं आमेन म्हणा."