'ट्रॅप' या शब्दाची दुरुस्ती

प्रा. दिनकर सोनवणे सरांच्या आणि माझ्या परिचयाची सुरुवात फारशी सुखद नव्हती. मी घोटीजवळच्या खेड्यातून नाशिकच्या महाविद्यालयात भूशास्त्र शिकायला आले होते. आपल्या काळ्या कातळाला इंग्रजीत 'ट्रॅप' म्हणतात, कारण तो भेगांमध्ये पाणी अडकवून ठेवतो, असे सर शिकवत होते. मी उठून म्हणाले, आमच्याकडचे डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात, नाव त्यावरून तर नसेल? वर्ग हसला. अंदाजाने बोलू नये, असे सांगून सरांनी मला बसवले. मी गावी परतले आणि आठवडाभर महाविद्यालयात गेले नाही. विषय बदलायचे ठरवले होते.

नवव्या दिवशी सर एसटीने घोटीला उतरून, पुढे चालत आमच्या घरी आले. वडील भात वाळत घालत होते. सरांनी त्यांना सांगितले, की आपण मोठा शब्दकोश पाहिला. 'ट्रॅप' हा शब्द जिन्याला असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. थरावर थर साचून डोंगरांना पायऱ्या पडतात, म्हणून ते नाव.

"एवढ्यासाठी इतक्या लांब आले का सर तुम्ही?" वडिलांनी विचारले.

"चूक माझी होती. ती मी वर्गात कबूल करीनच. पण तेव्हा तुमची मुलगी वर्गात हवी."

दुसऱ्या दिवशी सरांनी तो स्वीडिश शब्द फळ्यावर लिहिला आणि आपण इतकी वर्षे चुकीचे सांगत होतो, हे कोणतीही सबब न देता सांगितले. ज्यांचे पत्ते मिळाले, त्या जुन्या विद्यार्थ्यांना त्यांनी पोस्टकार्डे पाठवली. नाशिक रोडला शिक्षक असलेल्या एकाने, परीक्षेत हे विचारत नाहीत, असे काहीशा त्रासिकपणे कळवले. सरांनी उत्तर लिहिले, "तुमच्या मुलांना तुम्ही सांगाल ते खरे वाटते, म्हणून कळवले."

पुढे मी त्याच विभागात त्यांची सहकारी झाले. ते कडक होते. वेळ चुकलेली त्यांना खपत नसे, आणि कौतुक त्यांनी क्वचितच केले. मात्र विद्यार्थ्याची शंका त्यांनी पुन्हा कधी न तपासता बाजूला सारली नाही.

आज सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. गुडघ्यांमुळे त्यांना डोंगर चढवत नाहीत. तरी आमचे लेख ते तांबडे पेन घेऊनच वाचतात. त्यांची दृष्टी आणि प्रकृती उत्तम राहो, आणि आम्हाला पुढची कितीतरी वर्षे आमचे कागद त्यांच्याकडून लाल होऊन परत मिळोत.