एकट्या माणसाला पुरेल इतकं

ताई कवळ्या बनवायच्या. डॉक्टरकडून जबड्याचा साचा यायचा, त्यावर त्या मेणात एकेक दात बसवायच्या, आणि तोंडाचं बोळकं झालेला कुणीतरी अनोळखी माणूस पुन्हा हसायला लागायचा. तो हसताना मात्र ताईंनी कधी पाहिला नव्हता. साचे मागच्या दारानं यायचे, कवळ्या मागच्याच दारानं जायच्या. उभा जन्म प्लास्टरच्या धुळीत गेला. लग्नाचं राहून गेलं, ते राहूनच गेलं.

लॅबच्या मालकाला सगळंच अर्जंट. आता दात नसलेल्या माणसाला एवढी कसली घाई असते देव जाणे, पण ताई जेवणाचा डबा बाजूला सारून घासायची मोटर चालू करायच्या. म्हातारपणासाठी पैसे बाजूला टाकायचं त्यांनी पस्तिशीत ठरवलं होतं. मग चाळिशीत पुन्हा ठरवलं. लांब राहणारी धाकटी बहीण महिन्या-दोन महिन्यांनी फोन करी, तेव्हा कान किटेपर्यंत सांगे, "ताई, जगाच्या तोंडात दात घालतेस, तुझ्या तोंडात घास कोण घालणार?" ताई म्हणायच्या, "जाते गं बँकेत, एवढं काम हातावेगळं झालं की जाते." काम कधी हातावेगळं झालंच नाही.

मग एका सकाळी हातच दगा देऊ लागला. मेणात दात बसवताना उजवा अंगठा थरथरला आणि समोरचा दात वाकडा बसला. पुन्हा बसवला, पुन्हा वाकडा. "होतं ताई, चालायचंच," मालक म्हणाला. पण त्या दिवसापासून समोरच्या दातांचं काम नव्या मुलीच्या टेबलावर जायला लागलं. ताई काय समजायचं ते समजल्या. हात गेला की नोकरी गेली, आणि गाठीला तर काहीच नाही. दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी बँक गाठली.

बाकावर शेजारी एक आजोबा पेन्शनसाठी बसले होते. "बसा, बसा, इथं घाई करून काही उपयोग नाही," म्हणत ते हसले, आणि ताई बघतच राहिल्या. डावा सुळा शेजारच्या दातावर किंचित चढलेला. साच्यासोबत आलेला तरुणपणचा फोटो बघून, अख्खा रविवार खर्ची घालून, त्यांनीच तो तसा बसवला होता. सांगावं का, हे माझे आहेत म्हणून? पण चारचौघांत दुसऱ्याच्या दातांवर हक्क सांगायचा तरी कसा!

"बघताय ना? खोटे आहेत," आजोबाच म्हणाले. "पण बेमालूम केलेत पठ्ठ्यानं."

पठ्ठ्या सुखावला. "जेवताना टोचत नाहीत ना?" ताईंनी विचारलं.

"जेवताना कुठे घालतो? घरी डबीतच असतात. बाहेर पडलो तरच घालायचे. घरी कुणासाठी घालू? भिंतीला हसून दाखवू?" आणि ते पुन्हा हसले, अगदी त्या फोटोतल्यासारखे.

तेवढ्यात ताईंचा नंबर आला.

काउंटरवरच्या बाई मनानं चांगल्या होत्या. पगारातून दर महिन्याला किती कापले जातील, साठीनंतर दर महिन्याला किती हातात येतील, सगळं त्यांनी नीट समजावलं. "घरात आणखी कोण?"

"कुणी नाही."

"मग तर आरामात पुरतील. एकट्या माणसाला लागतं किती!"

ताईंनी सही केली. इतकी वर्षं टाळलेलं काम झालं एकदाचं. हायसं वाटायला हवं होतं, पण वाटेना. त्या बाहेर पायऱ्यांवर येऊन नुसत्याच उभ्या राहिल्या.

फोन वाजला. "ताई, कुठे आहात? किती वेळ! दाढांचं काम अडलंय, अर्जंट आहे," मालक करवादला.

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कुठे आहात, असं रोज विचारणारा जगात हा एवढा एकच माणूस होता. आणि तो विचारायचा थांबेल त्या दिवसाची सोय त्या आत्ताच लावून आल्या होत्या.

"आले, आले," म्हणून त्यांनी फोन ठेवला. आणि मुद्दामच सावकाश चालू लागल्या, म्हणजे तो आणखी एकदा विचारेल.