बंद लाइनवरची ठिणगी

गजभिये खांबावर होते आणि लाइन बंद होती. सबस्टेशनच्या ऑपरेटरने मला फोनवर तसं पक्कं सांगितलं होतं. तरी गजभियेंनी तारेला अर्थिंगचा रॉड लावला आणि फाडकन ठिणगी उडाली. नशीब, त्यांचा हात अजून तारेला लागला नव्हता.

"खाली उतरा!" मी ओरडले.

मी सौंसर भागातली ज्युनिअर इंजिनिअर, गजभिये आमचे लाइनमन. बोरगावच्या बाजूला संत्र्याच्या बागांतून जाणाऱ्या लाइनच्या एका फाट्यावरचा, तार धरून ठेवणारा चिनीमातीचा इन्सुलेटर फुटला होता, तो बदलायला आलो होतो. अर्थिंगचा रॉड म्हणजे हुक लावलेली लांब काठी. हुकाची वायर जमिनीत उतरवलेली असते. तारेत चुकून करंट असला तर तो माणसाऐवजी जमिनीत जातो. बंद लाइनलाही आधी रॉड लावायचाच, असा नियम आहे. ऊन चढलं की पुष्कळ जण तो टाळतात.

मी ऑपरेटरला फोन लावला. "लाइन चालू केली का?"

"नाही जी मॅडम! मी तं हात बी नाही लावला."

तो खरं बोलत होता. मग करंट आला कुठून? त्या फाट्यावर ग्राहक एकच, शेवटी असलेलं संत्र्याचं पॅकिंग हाउस. त्या बाजूने जनरेटरची अडखळती घरघर ऐकू आली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

आमच्याकडे लाइन म्हणजे काय काय असतं! तिगावला रेल्वेची लाइन, रेशनला लाइन, पोरगा काय करतो विचारलं तर 'कपड्याच्या लाइनमध्ये आहे'. आणि पंखा थांबला की 'लाइन गेली'. पंखा थांबला म्हणून तार कुठे जात नाही. ती खांबावरच असते, दोन्ही टोकांना जोडलेली. पण हे कोणाला सांगायचं?

पॅकिंग हाउसमध्ये तिथले मालक, सेठ, स्वतः उभे होते. ठिणगीसरशी बंद पडलेला जनरेटर माणसाकडून पुन्हा चालू करून घेत होते.

"आधी थांबवा ते! चेंजओव्हर कुठे आहे?"

चेंजओव्हर म्हणजे एक साधा खटका. वर केला की सरकारी वीज, खाली केला की जनरेटर, दोन्ही एकत्र कधीच नाही.

"तो जळला नं मॅडम. म्हणून सीधी वायर जोडली. माल सडून राहिला माझा, काय करू मग?"

"आमचा माणूस खांबावर होता!"

"तं तुम्ही लाइन बंद केली होती नं? मी माझ्या घरात करंट बनवून राहिलो, त्याच्याशी तुमाले काय करायचं?"

ट्रान्सफॉर्मर अकरा हजार व्होल्ट उतरवून चारशे करतो. पण खालून चारशे दिले तर तोच निमूटपणे अकरा हजार करून वर तारेत पाठवतो. सेठच्या घरातला करंट असा गजभियेंच्या खांबापर्यंत पोचला होता. आणि गजभिये खांबावर कोणासाठी चढले होते? याच सेठसाठी!

मी तिथेच त्यांचं कनेक्शन तोडायला लावलं. दहा मिनिटांत वरिष्ठ साहेबांचा फोन. "मॅडम, जरा समजून घ्या. सेठची लाइन वरपर्यंत आहे."

"सर, माणूस मेला असता."

"मेला तर नाही ना? मग विषय कशाला वाढवता? सप्लाय द्या."

माझा संताप संताप झाला. "चेंजओव्हर बसल्याशिवाय देणार नाही," म्हटलं आणि फोन ठेवला.

गजभिये झाडाखाली बसले होते. पाणी प्यायले. म्हणाले, "मॅडम, घरी नका सांगजा कोणाले. बायको मले उद्या खांबावर चढू नाही देणार."

संध्याकाळी नागपूरहून नवा चेंजओव्हर आला. तो बसल्यावर गजभियेच पुन्हा खांबावर चढले, इन्सुलेटर बदलला, आणि सेठचे दिवे लागले. सेठ लगेच मालाकडे वळले.

पुढच्या आठवड्यात मला नोटीस आली : सप्लाय सुरू करायला उशीर का झाला, खुलासा करा. सेठला कोणी काही विचारलं नाही. माणूस मेला असता तर चौकशी बसली असती, फोटो निघाले असते. माणूस जिवंत राहिला, की आमच्या खात्यात गुन्हा फक्त उशिराचा उरतो.